आजोबा काय म्हणाले

नॉटिंगहॅममधल्या एका सिक्स्थ फॉर्म कॉलेजात, म्हणजे इथल्या अकरावी-बारावीच्या कॉलेजात, मी आर्ट टेक्निशियन आहे. रंग आणि कागद लावून ठेवायचे, छपाईची यंत्रं पुसायची, मुलांची अर्धवट चित्रं वाळत घालायची, असं माझं काम. नागपूरला कमर्शियल आर्ट शिकले होते, लग्नाआधी चार वर्षं तिथल्या एका शाळेत ड्रॉइंग शिकवलं होतं. इथे मात्र शिकवायची संधी फक्त उन्हाळ्यात मिळते. जुलैच्या शेवटी कॉलेज रिकामं झालं की दोन आठवड्यांचं समर स्कूल भरतं, पंधरा ते सतरा वर्षांच्या मुलांचं. सकाळी इतिहास, दुपारी चित्रकला. इतिहास शिकवायला एक निवृत्त इंग्रज मास्तर येतात आणि दुपारचा वर्ग माझा असतो.

त्या वर्षी विषय होता, कामासाठी या शहरात आलेली माणसं. प्रत्येकानं आपल्या घरातलं किंवा शेजारचं एक वयस्कर माणूस निवडायचं, त्याच्याशी बोलायचं, ते बोलणं फोनवर रेकॉर्ड करायचं आणि त्याचं चारकोलमध्ये चित्र काढायचं. शेवटच्या दिवशी प्रदर्शन. प्रत्येक चित्राखाली त्या माणसाच्या तोंडचं एकच वाक्य. मास्तर मुलांना सांगायचे, हो किंवा नाही असं उत्तर येईल असा प्रश्न विचारू नका, आणि माणूस गप्प बसला तर तुम्हीही गप्प बसा.

पहिल्याच दिवशी जेवायच्या सुट्टीत मी स्टुडिओत डबा उघडून बसले होते. दारात एक मुलगी येऊन उभी राहिली. सोळा वर्षांची, नुकतीच जीसीएसई, म्हणजे इथली दहावी, दिलेली, केस अगदी बारीक कापलेले.

"मिस, ती मेथी आहे ना?" तिनं मराठीत विचारलं.

मी मान डोलावली आणि तिला आत बोलावलं.

"माझा आजी करायची," ती म्हणाली. "आता नाही आहे ती."

मग ती पोळीचा तुकडा मोडत समोर बसली आणि अर्धं मराठी, अर्धं इंग्लिश असं सगळं सांगून गेली. आजोबा सोलापूरचे. साठच्या दशकात इथे आले, सायकलच्या कारखान्यात फिटर म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. आजी तीन वर्षांपूर्वी गेली. त्यानंतर आजोबांना विसरायला व्हायला लागलं. आधी रस्ते विसरले, मग माणसं, आणि मग आयुष्यभर बोललेलं इंग्लिश. आता आठ महिने झाले, ते वृद्धांच्या केअर होममध्ये होते आणि फक्त मराठी बोलत होते. घरात मराठी फारसं कुणालाच येत नव्हतं. आई इंग्लिश. बाबा इथेच जन्मलेले. त्यांना थोडं कळायचं, पण बोलता यायचं नाही. तिला आजीमुळे खाण्याचे शब्द येत होते, शिवाय हो, नाही, बस, झोप, एवढंच.

"मला आजोबाची चित्र काढायचा आहे," ती म्हणाली. "पण मी काय विचारू? मला प्रश्न नाही येत."

मी तिला एक प्रश्न शिकवला. आजोबा, तुम्ही लहान असताना घरी कोण कोण होतं? तिनं तो रोमन अक्षरांत हाताच्या तळव्यावर लिहून घेतला आणि दिवसभर पुटपुटत राहिली. 'कोण कोण' तिला फार आवडलं. एकच शब्द दोनदा म्हणायचा, हे तिला गमतीचं वाटत होतं.

"आणि मिस नको म्हणूस," मी तिला म्हटलं. "मावशी म्हण."

पुढचे तीन दिवस ती वर्ग सुटल्यावर बस पकडून केअर होममध्ये जात होती. तिथे काढलेली चित्रं दुसऱ्या दिवशी आणून दाखवायची. चांगला हात होता तिचा. पहिल्या दिवशी तिनं चेहरा काढायचा प्रयत्न केला होता आणि तो फसला होता. दुसऱ्या दिवशी तिनं फक्त हात काढले होते, डाव्या हाताची करंगळी जरा वाकडी, नखं जाड. मी तिला सांगितलं, आधी सावली टाक, मग खोडरबरनं उजेड काढ. तिसऱ्या दिवशी जे चित्र आलं, त्यात एक म्हातारा माणूस समोरच्याकडे इतक्या ओळखीनं बघत होता की मी ते खिडकीशी नेऊन पुन्हा बघितलं.

"मी तो प्रश्न विचारली, मावशी," ती म्हणाली. "आणि ते बोललेच. किती तरी बोलले. असा कधीच नाही बोलत. मला काहीच नाही कळली."

सतरा मिनिटांचं रेकॉर्डिंग होतं. दुपारच्या सुट्टीत आम्ही दोघी स्टुडिओच्या कोपऱ्यात बसलो आणि तिनं फोन टेबलावर ठेवला.

आधी टीव्हीचा आवाज, कुणाची तरी खुर्ची सरकल्याचा आवाज. मग तिनं घोकलेला प्रश्न, अगदी स्वच्छ. मग आजोबा. सोलापूरकडची बोली, आवाज खोल आणि ठणठणीत. ते म्हणत होते, अगं तुला ठाऊक न्हाई का कोण कोण हुतं? तूच तर हुतीस. मग भिंतीपलीकडच्या मागांचा खडखडाट, रंगवलेलं सूत, वडिलांचा खोकला. आणि मग शाळा. पहिल्या वर्षी शाळेत ते रडायचे, घरी जायचं म्हणून. तेव्हा त्यांची थोरली बहीण शाळेच्या दाराशी पायरीवर बसून राहायची, सुट्टी होईपर्यंत. मधूनमधून ते 'ताई' म्हणत होते, आणि मला कळलं की ते हे सगळं आपल्या बहिणीलाच सांगत आहेत. समोर बसून चित्र काढणारी नात त्यांना ताई वाटत होती.

अकराव्या मिनिटाला ते थांबले. मग म्हणाले, "ताई, तू आलीस ते बरं झालं. मला हितनं घेऊन चल. हितं माझं बोलणं कुणाला कळत न्हाई. मी काय चुकलो आसंन तर सांग, पर हितं ठेवू नगंस. येशील न्हवं मला न्यायला?"

आणि रेकॉर्डिंगमधली ती मुलगी, काहीच न कळता, अगदी मायेनं म्हणाली, "हो आजोबा. हो."

त्यानंतरची सहा मिनिटं आजोबा आनंदात होते. वाटेत काय खायला घ्यायचं, घरी पोचल्यावर आधी कुणाला हाक मारायची, हे सगळं ते ठरवत होते. मध्येमध्ये ती 'हो, हो' म्हणत होती. एकदा हसलीसुद्धा.

रेकॉर्डिंग संपलं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"काय म्हणाले?"

मी तिला मागांबद्दल सांगितलं, सुताबद्दल, बहिणीबद्दल आणि शाळेच्या पायरीबद्दल. हे सगळं खरं होतं. मग म्हटलं, "आणि म्हणाले, तू आलीस ते बरं झालं."

"आणि नंतर? नंतर ते किती खूश होते."

"शाळेचंच," मी म्हटलं. "शाळा सुटली की घरी जाताना काय काय करायचे, ते."

ती इतकी हसली, इतकी खूश झाली की मला क्षणभर आपण बरोबर केलं असंच वाटलं. आज खरं सांगायचं तर मी फक्त तिच्यासाठी खोटं बोलले नव्हते. नागपूरला माझी आई सोबतीच्या एका बाईच्या भरवशावर राहत होती आणि दर फोनवर मला एकच विचारत होती, कधी येतेस. ते वाक्य दुसऱ्या कुणाच्या तोंडून आलेलं मला माझ्या तोंडानं पुन्हा म्हणायचं नव्हतं.

तिनं चित्राखाली देवनागरीत लिहिलं, 'तू आलीस ते बरं झालं.' मी एका कागदावर लिहून दिलं होतं, त्यावरून तिनं अक्षरं गिरवली. खाली इंग्लिश अर्थ.

प्रदर्शनाला तिचे बाबा ऑफिसमधून थेट आले, गळ्यात कौन्सिलचं ओळखपत्र तसंच होतं. पन्नाशीचा, हळू बोलणारा माणूस. चित्रासमोर ते बराच वेळ उभे राहिले. मग मुलगी मैत्रिणींकडे गेलेली बघून माझ्याकडे आले.

"तुम्ही ट्रान्सलेट केलं?" ते इंग्लिशमध्ये म्हणाले.

"हो."

"तिनं मला रेकॉर्डिंग ऐकवलं, गाडीत." मग ते मराठीत म्हणाले, "घेऊन चल." आणि पुन्हा इंग्लिशमध्ये, "तेवढं मला कळतं. दर संडेला ऐकतो."

ते बोलत राहिले. वडील दोनदा जिन्यात पडले होते. एकदा गॅस रात्रभर सुरू राहिला होता. नवरा-बायको दोघंही नोकरीवर, घरात कुणी नाही. आणि ते स्वतः लहान असताना शाळेतल्या बाईंनी आईवडिलांना बोलावून सांगितलं होतं, मुलाला पुढे यायचं असेल तर घरी इंग्लिशच बोला. वडिलांनी ते मनावर घेतलं. कारखान्यातून थकून यायचे आणि मोडक्यातोडक्या इंग्लिशमध्ये मुलाशी बोलायचे. मुलानं मराठीत काही विचारलं तर उत्तर द्यायचे नाहीत.

"आता ते मराठीत बोलतात आणि मी उत्तर देऊ शकत नाही," ते म्हणाले. "तिला सांगू नका, प्लीज. ती सोळा वर्षांची आहे."

मी कबूल केलं.

त्या ऑगस्टमध्ये मी चार रविवार आजोबांना भेटायला गेले. मी कोण, कुठली, हे ते दरवेळी नव्यानं विचारायचे. "नागपूरच्या म्हणजे लई लांबच्या," असं म्हणायचे, आणि मग वीसेक मिनिटं आमच्या छान गप्पा व्हायच्या. तिथल्या केअरर बायका मनानं चांगल्या होत्या. एकीनं तर पाणी, भूक, दुखतं असे शब्द इंटरनेटवर शोधून एका कार्डावर लिहून ठेवले होते. तिनंच मला सांगितलं की गेल्या काही दिवसांपासून आजोबा रोज जेवण झालं की कोट मागतात. भर उन्हाळ्यात. कोट घालून दाराकडे तोंड करून बसतात, चहापर्यंत.

"कुणाची वाट बघतात, तुम्हाला सांगितलं का?" तिनं विचारलं.

मी नाही म्हटलं. मला माहीत होतं. त्या दिवशीही ते कोट घालूनच बसले होते. मी शेजारी बसले तेव्हा म्हणाले, "ताईनं कबूल केलंय. येतीया."

मी मुलीला कळवलं नाही. तिच्या वडिलांना कळवलं नाही. नात अधूनमधून जायची, पण त्यांच्या डोक्यात नात कधी नात असायची, कधी कुणीच नसायची. ताई ती फक्त त्या दिवशी होती.

सप्टेंबरमध्ये कॉलेज सुरू झालं आणि माझे रविवार संपले, किंवा मी ते संपू दिले. ऑक्टोबरच्या सुट्टीत आई आजारी म्हणून मी नागपूरला गेले. तिथे आईच्या खोलीत बसले असताना त्या मुलीचा मेसेज आला. आजोबांना न्यूमोनिया झाला होता आणि ते सकाळी गेले. त्याखाली तिनं लिहिलं होतं, तुम्ही शिकवलेल्या प्रश्नाबद्दल थँक्यू. आईनं विचारलं, कुणाचं काय गं? मी म्हटलं, तिकडचे ओळखीचे एक आजोबा होते. आई म्हणाली, त्यांची माणसं होती ना जवळ? मी हो म्हटलं.

अडीच वर्षं गेली. ती मुलगी साउथहॅम्प्टनला युनिव्हर्सिटीत गेली, इतिहास घेऊन. ख्रिसमसला तिचा एखादा मेसेज यायचा, तोही हळूहळू मराठीत यायला लागला. पुण्यातल्या एका बाईंकडे ती ऑनलाइन मराठी शिकत होती. मला बरं वाटायचं. आणि भीतीही वाटायची. एक दिवस ती ते रेकॉर्डिंग पुन्हा उघडणार, हे मला ठाऊक होतं.

मार्चमधल्या एका शनिवारी दुपारी तिचा फोन आला.

"मावशी, मी रेकॉर्डिंग ऐकलं," ती म्हणाली. वाक्य बरोबर होतं.

"त्यांनी मला विचारलं, न्यायला येशील ना. आणि मी हो म्हणाले. मी दोनदा हो म्हणाले, मावशी."

"तुला कळत नव्हतं, बाळा."

"तुम्हाला कळत होतं."

"हो."

"मग मला का नाही सांगितलं?"

मी तिच्या बाबांना दिलेल्या शब्दाबद्दल सांगितलं नाही. ते सांगून सुटता आलं असतं, पण खोटं मी आधी बोलले होते आणि शब्द नंतर दिला होता. मी म्हटलं, "तुझा चेहरा बघून मला धीर झाला नाही."

मग ती इंग्लिशमध्ये बोलली, आणि पहिल्यांदाच मला तिचा आवाज मोठ्या माणसाचा वाटला. तिला आजोबांना घरी नेता आलं नसतं, हे तिला कळत होतं. पण तिनं दुसऱ्या दिवशी जाऊन त्यांच्याशेजारी बसून एक वाक्य म्हटलं असतं. ताई इथेच आहे, जात नाही कुठे. ते वाक्य मी तिला शिकवू शकले असते. दोन मिनिटंसुद्धा लागली नसती.

ईस्टरला घरी आली तेव्हा ती माझ्याकडे आली. वही घेऊन आली होती. आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो आणि मी ती सतरा मिनिटं तिला शब्दाशब्दानं सांगितली. ती मराठीतच लिहून घेत होती. कुठे अडली की मी थांबायचे. एका जागी आजोबा मागाच्या कुठल्याशा भागाचं नाव घेतात, तो शब्द मी नागपूरची असल्यामुळे मलाही कळेना. तिनं तिथे जागा सोडली. शेवटच्या सहा मिनिटांत, वाटेत काय खायला घ्यायचं हे आजोबा ठरवतात तिथे, तिनं पेन खाली ठेवलं.

"तुम्ही नंतर त्यांना भेटलात," ती म्हणाली. "ते वाट बघत होते का?"

माझ्या नवऱ्यानं त्याच वेळी दारातून डोकावून चहाचं विचारलं. मी त्याला नको म्हटलं. तो गेल्यावर मी तिला कोटाचं सांगितलं, दाराकडे तोंड करून बसण्याचं, चहापर्यंत. ते काय म्हणाले होते, तेही सांगितलं.

तिनं रडणं आवरलं नाही आणि मीही तिला गप्प केलं नाही. बऱ्याच वेळानं तिनं वही जवळ ओढली आणि ती दोन वाक्यंही लिहून घेतली, शेवटी, तारीख टाकून.

जाताना दारात ती म्हणाली, "मला अजून राग आहे."

"असू दे," मी म्हटलं.

त्यानंतर काही महिने तिचा फोन आला नाही. तिच्या आईकडून कळलं की घरी ती बाबांशीही धड बोलत नव्हती. मी दोनदा मेसेज लिहिला आणि दोन्ही वेळा पाठवला नाही. त्या उन्हाळ्यात समर स्कूलमध्ये मास्तरांनी पुन्हा तोच विषय घ्यायचं सुचवलं, तेव्हा मी त्यांना हे सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ज्या भाषेत उत्तर येणार ती भाषा येत नसेल, तर मुलांनी प्रश्न विचारू नये असं मी कधी सांगितलंच नव्हतं. चूक माझीही आहे." ते मला बरं वाटावं म्हणून म्हणत होते. आम्ही त्या वर्षी शहरातल्या जुन्या पुलांचा विषय घेतला.

डिसेंबरच्या शेवटी तिचा फोन आला. ती आणि बाबा सोलापूरला जाऊन आले होते. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर एका पेठेचं नाव होतं, तेवढ्यावर गेले. आपले वडील शेवटी बहिणीची वाट बघत होते, हे बाबांना माहीतच नव्हतं, ते त्यांनी मुलीच्या वहीत वाचलं, म्हणजे तिनं त्यांना वाचून दाखवलं. चार दिवस दोघं त्या पेठेत फिरले. माग आता कुठेच नव्हते, मोबाईलची दुकानं होती. बाबा लोकांशी मराठीत बोलत होते. चुकत होते, लोक हसत होते, पण बोलत होते.

"शाळा सापडली का?" मी विचारलं.

"दाखल्यावरच्या नावाची एक आहे. पण इमारत नवीन आहे."

शेवटच्या दिवशी एका बोळात कुणीतरी त्यांना एका फार म्हाताऱ्या बाईकडे नेलं. पेठेतली सगळ्यात जुनी बाई. ती उंबऱ्याशी उन्हात बसली होती. तिनं या मुलीला जवळ बोलावलं, दोन्ही हातांनी तिचा चेहरा धरला आणि विचारलं, "कुणाची गं तू?"

"मला लगेच कळलं, मावशी," ती म्हणाली. "मनात ट्रान्सलेट नाही करावं लागलं."

तिनं आजोबांचं नाव सांगितलं, आडनावासकट. बाबांनी ते पुन्हा एकदा, मोठ्यानं सांगितलं. म्हातारीनं खूप वेळ विचार केला. तिला ते नाव ठाऊक नव्हतं.